स्टाउरहेडची बाग

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील स्टाउरहेडची बाग आज पाहिली. होअर या लंडनच्या पेढीवाल्या घराण्यातील दुसऱ्या हेन्रीने १७४० च्या दशकात ती आखायला घेतली आणि दरीत बांध घालून, आज निसर्गदत्त वाटणारे तळे निर्माण केले. काठाकाठाने जाणारी पायवाट अशी वळवली आहे की फ्लोरा या पुष्पदेवतेचे मंदिर, रोममधील प्राचीन मंदिराच्या धर्तीवरचे पँथिऑन आणि टेकडीवरचे अपोलोचे मंदिर एकेक करून समोर येतात, झाडांआड जातात आणि पलीकडून वेगळ्याच कोनातून पुन्हा दिसतात; काटेकोर वाफ्यांच्या राजेशाही बागांपेक्षा मला ही लपाछपी अधिक भावली. निजलेल्या जलदेवतेची मूर्ती असलेल्या गुहेतून तर पाय निघेना.

वाडा मात्र भराभर पाहिला. घराण्याचा एकुलता एक वारस पहिल्या महायुद्धात जखमी होऊन १९१७ मध्ये मरण पावला आणि त्याच्या आईवडिलांनी १९४६ मध्ये ही मालमत्ता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. पुढच्याच वर्षी ते दोघेही एकाच दिवशी निवर्तले.

ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपे नंतरच्या पिढ्यांनी लावलेली आहेत. मूळ आराखड्याच्या संयत हिरव्या रंगसंगतीत त्यांचे भडक रंग जरा आगाऊच वाटतात, असे माझे मत आहे. सोबतच्या मंडळींनी छायाचित्रे मात्र त्यांचीच सर्वाधिक काढली.