डाव्या बाजूचा जास्तीचा कल्ला

लोहचुंबक दाराला चिकटला, मडगार्डला चिकटला, आणि रेडिएटरच्या तोंडाभोवतीच्या पत्र्यावरून मात्र सरळ खाली घसरला. तिथेच मला पहिला दिलासा मिळाला. ऑस्टिन-हीली १०० या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची मडगार्डं, दारं, बॉनेट आणि डिक्कीचं झाकण पोलादी पत्र्याचं असतं. पण बॉनेटभोवतीचा पुढचा आणि डिक्कीभोवतीचा मागचा घेर अॅल्युमिनियमचा. बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं, आवाज धातूचाच आला, फायबरचा नाही. पोलाद आणि अॅल्युमिनियम जिथं एकमेकांना टेकतात त्या सांध्यात पांढरी भुकटी साठली होती. खानापूर भागातला पाऊस आणि दोन धातूंचं जुनं वैर. गाडीसाठी ती कीड, पण मला ती खूण हवीच होती. नव्यानं बसवलेल्या पॅनेलला अशी भुकटी इतक्या लवकर धरत नाही.

मी बेळगावात वाहनांचा सर्व्हेअर आणि व्हॅल्युअर म्हणून काम करतो. रोजचं काम विम्याचं: महामार्गावर ठोकलेल्या कार, ऊस हंगामात उलटलेल्या ट्रॉल्या, पुरात बुडालेली इंजिनं. जुनी गाडी तपासायला वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी बोलावणं येतं, आणि आलं की आदल्या रात्री मला नीट झोप लागत नाही.

हे बोलावणं एका डॉक्टरांच्या नातवाकडून आलं होतं. आजोबा वारून बरीच वर्षं झाली. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांनी तिथल्या एका खाणवाल्याकडून ही गाडी घेतली होती. पोर्तुगीज अमलातही गोव्यात वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूनंच चालत, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे. आता घरात वाटणी निघाली होती आणि गाडी विकायची ठरली होती. बाहेरगावच्या एका दलालानं फोटो पाहून सांगितलं होतं, ‘ही साधी १०० नाही, ही १००-एम आहे. कल्ले आहेत ना बॉनेटला? पट्टा आहे ना? मग झालं.’ कल्ले म्हणजे इंजिनाची गरम हवा बाहेर जावी म्हणून बॉनेटच्या पत्र्यात पाडलेल्या, माशाच्या कल्ल्यांसारख्या उचललेल्या चिरा. त्यानं किंमत सांगितली ती ऐकून चुलतभावांमधलं भांडणच थांबलं. फक्त माझ्या सहीचा अहवाल हवा होता.

हा फरक मोठा आहे. ही गाडी पहिल्यांदा १९५२ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात दिसली. दुसऱ्या वर्षी थोड्या बदललेल्या दोन गाड्या फ्रान्समधल्या ल मां च्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरल्या आणि बाराव्या व चौदाव्या आल्या. त्या यशावरून ‘ल मां किट’ विक्रीला आलं: मोठे कार्ब्युरेटर, थंड हवेची पेटी, जास्त उचल देणारा कॅमशाफ्ट, वेगळा डिस्ट्रिब्युटर. हे कुणीही विकत घेऊन आपल्या गाडीला लावू शके. ९० अश्वशक्तीची गाडी त्यानं १०० वर जाई. पुढे कंपनीनं स्वतःच असं काम करून, वर जास्त दाबाचे पिस्टन, पुढचा जाड अँटी-रोल बार, कल्ल्यांचं बॉनेट आणि त्यावर चामडी पट्टा देऊन ११० अश्वशक्तीच्या गाड्या काढल्या. त्या १००-एम. सगळ्या मिळून १४,६३४ गाड्या झाल्या, त्यांत कंपनीनं केलेल्या १००-एम फक्त ६४०. जगभर किट लावलेल्या गाड्या मात्र कितीतरी, आणि बॉनेटला कल्ले पाडून घेतलेल्या त्याहून जास्त. कल्ले दिसले म्हणून १००-एम म्हणायचं, तर शेजारच्या पोरानं लष्करी टोपी घातली म्हणून त्याला सलाम ठोकावा लागेल.

नातू माझ्यासोबतच उभा होता. तिशीतला, सरळ स्वभावाचा. म्हणाला, “सर, जे असेल ते लिहा. पण बघा नीट.”

बॉनेटचा पट्टा सोडून ते वर केलं. या गाड्यांच्या बॉड्या जेन्सन कंपनी वेस्ट ब्रॉमविचला बांधायची. प्रत्येक बॉनेट, प्रत्येक झाकण त्या-त्या गाडीला हातानं घासून बसवलेलं. म्हणून अदलाबदल होऊ नये यासाठी सुट्या भागांवर बॉडीचा नंबर ठोकलेला असतो. रॉकेलचा बोळा घेऊन मी बॉनेटच्या आतली कडा पुसली. काळ्या थराखालून आकडे वर आले. मग डिक्कीचं झाकण. तेच आकडे. नातवाचा चेहरा उजळला, आणि खरं सांगतो, माझाही. बॉनेट याच गाडीचं होतं, जन्मापासूनचं.

पण मग मी फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरची नंबराची पट्टी पुसली, आणि तिथं गाडीच्या नंबराची सुरुवात होती ‘बीएन-१’.

बीएन-१ ही १०० ची पहिली आवृत्ती, बीएन-२ दुसरी. १००-एम सगळ्या बीएन-२ वरच झाल्या. बीएन-२ आली ऑगस्ट १९५५ मध्ये, आणि ही त्याआधीची. बॉनेट मूळचं आणि गाडी बीएन-१, हे दोन्ही खरं असेल तर कल्ले कंपनीच्या १००-एमचे असूच शकत नाहीत. मघाशी ज्या नंबरानं आनंद झाला त्याच नंबरानं दार बंद केलं.

नातवाला मी लगेच सांगितलं नाही. पट्टी स्क्रूनं बसवलेली असते, बदलता येते. एका पट्टीवर माणसाच्या लाखो रुपयांचा निकाल लावायचा नसतो. म्हणून गाडीलाच विचारायचं ठरवलं. गिअरबॉक्स पाहिला: पुढचे तीनच गिअर, वरच्या दोहोंना ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरू देणारा जोडगिअर. मूळ खोका चार गिअरचा, पण बीएन-१ मध्ये त्यातला पहिला बंद करून टाकलेला असे. खरे चार मिळाले ते बीएन-२ ला. पुढच्या चाकांवरची कमान बीएन-२ मध्ये किंचित मोठी कापलेली असते, इथं ती लहान. गाडी वर काळी, खाली लाल अशी दुरंगी होती. आणि दुरंगी रंग कंपनीनं द्यायला सुरुवात केली तीही बीएन-२ पासून. डिक्कीत स्टेपनीच्या मागं, जिथं रंगारी कधी हात घालत नाही, तिथं नातवाच्या परवानगीनं मी नखाएवढी जागा पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासली. लाल गेला, खाली राखी अस्तर, त्याखाली फिकट निळा. काळ्याच्या खालीही तोच निळा. गाडी एकरंगी जन्मली होती.

आता इंजिन. कार्ब्युरेटरच्या तोंडाला व्हर्निअर लावला: साडेचव्वेचाळीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पावणेदोन इंची. साध्या गाडीला दीड इंची येतात, अडतीस मिलिमीटरचे. तेव्हा किट खरोखर लागलं होतं. राहिले पिस्टन. हेड न उघडता ते ओळखायची एक रीत आहे आणि मला ती फार आवडते. हे इंजिन २६६० सीसीचं, चार सिलिंडर, म्हणजे एकेकात ६६५. दाबाचं प्रमाण साडेसात असेल तर पिस्टन अगदी वर असताना डोक्यावर साधारण १०२ सीसी जागा उरते. १००-एमचं प्रमाण ८.१, तिथं उरते साधारण ९४. प्लगचं भोक सर्वांत उंच यावं म्हणून गाडीची एक बाजू जॅकवर घेतली, पिस्टन वर आणला, आणि ब्युरेटमधून पातळ तेल थेंब-थेंब सोडत गेलो. पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, नातू मोबाइलचा उजेड धरून उभा, आणि मी आकडे मोठ्यानं म्हणतोय. नव्वद. चौऱ्याण्णव. तेल अजून उतरत होतं. एकशेएकवर भोक भरलं. दुसऱ्या सिलिंडरला एकशेतीन.

“साधे पिस्टन,” मी म्हटलं. तो काही बोलला नाही. जॅक खाली घ्यायला मात्र त्यानंच हात लावला.

इतक्यात घरातून आज्जी चहा घेऊन आल्या. नऊवारी, पाठ वाकलेली, नजर मात्र स्वच्छ. गाडीचं बॉनेट उघडं पाहून थबकल्या.

“काय झालं ओ? खोटी निघाली गाडी?”

“गाडी खरी आहे आज्जी. कल्ले कुणी पाडले ते शोधतोय.”

त्या हसल्या. “ते होय! माझ्यामुळं की. नवीन लग्न झालेलं. आंबोली घाट चढताना इंजिनाची आग सगळी पायांवर यायची. एकदा सावंतवाडीहून येताना टाचांना फोड आले. मी म्हटलं यांना, पुन्हा ह्या गाडीत बसायची नाही. मग वडगावच्या मेस्त्रीकडं नेली.”

या गाडीच्या केबिनमध्ये उष्णता फार होते, हे जगात जिथं जिथं ती चालते तिथं माहीत आहे. पण ते टाचांच्या फोडांवरून ऐकणं वेगळं. मी वही काढून आज्जींचे शब्द तसेच्या तसे उतरवून घेतले. मेस्त्री आहेत का, विचारलं. “हाय की. गेल्या वर्षी नातीच्या लग्नाला आला होता.”

निघण्याआधी त्यांनी नातवाला माळ्यावरून एक गोणपाटाची पिशवी काढायला लावली. आत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले दोन कार्ब्युरेटर. मी व्हर्निअर लावला. अडतीस. मूळ जोडी साठ वर्षं माळ्यावर जपून ठेवली होती.

दुपारी आम्ही तिघं वडगावात. आज्जींनी हट्टच धरला, म्हणून त्यांनाही घेतलं. मेस्त्री चौऱ्याऐंशीचे, ओट्यावर बसलेले. बेळगावात लोखंडाचं वेड जुनं. किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान थाटलं ते याच गावात. तरी पत्रा हातानं वळवणारी ही पिढी आता बोटांवर मोजण्याइतकीच राहिली आहे. मी बॉनेटचे फोटो दाखवले. त्यांनी फोन डोळ्यांशी नेला.

“डावीकडं मोजलं काय?”

मी सकाळीच मोजले होते. डावीकडे उजवीकडच्यापेक्षा एक जास्त. साच्यानं दाबलेल्या कामात असं होत नाही, आणि अहवालात लिहायचा हाच मुद्दा मी सर्वांत पक्का धरून ठेवला होता. त्यांना मात्र मी तो अजून सांगितलेला नव्हता.

“पहिलं डावीकडनं धरलं,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी इंग्रजी मासिकातला फोटो आणलेला. जांभळीचा ठोकळा कोरला, छिन्नीनं चीर मारायची आन् ठोकळ्यावर पत्रा हळूहळू उचलायचा. हात बसेपर्यंत अंतर जरा कमी पडत गेलं. शेवटाला बघतो तर एक जास्त बसलेला. डॉक्टर म्हणाले, राहू दे मेस्त्री, एक कल्ला जास्त, हवा जास्त.” थोडं थांबून म्हणाले, “कार्बोरेटर माझं काम न्हवं. ते लष्करातल्या एका सायबानं बोटीनं आणून दिलेलं.”

आज्जी म्हणाल्या, “त्यानंतर फोड नाही आले.”

मी अहवाल त्याच संध्याकाळी लिहायला घेतला. बीएन-१. पुढचा-मागचा घेर मूळ अॅल्युमिनियमचा. बॉनेट मूळचं, बॉडी नंबर जुळतो. ल मां किटचे कार्ब्युरेटर नंतर बसवलेले, मूळ जोडी उपलब्ध. पिस्टन साधे. रंग बदललेला. कल्ले बेळगावात हातानं पाडलेले. १००-एम नाही. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या वाहनाला व्हिंटेज वाहनांच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते, अट अशी की चॅसी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठे बदल केलेले नसावेत. सांगाडा आणि चॅसी इथं अभंग आहेत, बॉनेट सुटं निघणारं आहे. म्हणून गाडी या नोंदणीला पात्र ठरावी, असं मत मी जबाबदारीनं दिलं. इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटार उद्योगाचा वारसा जपणारा जो ट्रस्ट आहे, तो कारखान्याच्या नोंदवह्यांवरून दाखला देतो. त्यासाठी अर्ज करा, असंही नातवाला लिहून दिलं. काही आठवड्यांनी दाखला आला. इंजिन नंबर जुळला, रंगाच्या रकान्यात निळाच होता.

दलालानं अहवाल वाचल्यावर फोन उचलणं बंद केलं. किंमत बरीच खाली येणार हे चुलतभावांना कळलं तेव्हा घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. नातवानं मला दोष दिला नाही, पण त्याला ते जड गेलं. मलाही गेलं. त्या घरातल्या कुणाचंच वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं.

त्या दिवशी वडगावातून निघताना मी मेस्त्रींसमोर एक कागद ठेवला होता: अमुक गाडीच्या बॉनेटचे कल्ले मी पाडले, एवढंच दोन ओळींत. अहवालाला जोडायला. आजवर कुठल्याही गाडीच्या कामावर आपली सही झालेली नाही, असं ते म्हणाले. पेन हातात घट्ट धरून, एकेक अक्षर पत्रा कापावा तसं कोरत त्यांनी सही केली. खाली तारखेसाठी रिकामी रेघ होती. तिथं येऊन हात थांबला.

“आजची घालू,” त्यांनी आज्जींकडे बघत विचारलं, “का तवाची?”