वावोना: मिठानं राखलं, पावसानं खाल्लं

सिॲटलला ताईकडे उतरले तेव्हा तिची यादी तयारच होती. स्पेस नीडल झालं, मासळीबाजार झाला. माउंट रेनिअर ढगात होता, त्याबद्दल न बोललेलंच बरं. लेक युनियनकाठच्या मोहाय या इतिहास संग्रहालयात मात्र आम्ही निव्वळ पाऊस चुकवायला शिरलो, आणि मी तिथून हलेना.

मधल्या दालनात लाकडाचा साठेक फुटी पोकळ खांब टांगलाय. खाली जमिनीतून आरपार तळ्याच्या पाण्यापर्यंत, वर छपराबाहेर. जॉन ग्रेड या शिल्पकाराचं काम. आत शिरता येतं, ढकललं तर किंचित झुलतं, त्यामुळे पोरांचा धुडगूस चाललेला. फळ्यांना खिळ्यांची भोकं आणि लोखंडाचे काळे डाग. मी हात फिरवत उभी. भाचा तेवढ्यात तीनदा म्हणाला, "मावशी, भूक लागली."

या फळ्या 'वावोना' या स्कूनरच्या, म्हणजे शिडाच्या गलबताच्या. माझ्या आजोळी वेंगुर्ल्याला मंगलोरी कौलं पत्तेमाऱ्यांतून यायची, त्यामुळे मालवाहू शिडाचं गलबत म्हटलं की मला राहवत नाही. वावोना १८९७ साली कॅलिफोर्नियात हम्बोल्ट खाडीवर बांधलं, डेन्मार्कहून आलेल्या हान्स बेंडिक्सन यांच्या गोदीत. तीन डोलकाठ्या, १६५ फूट लांबी, सगळं डग्लस फर या झाडाच्या लाकडाचं. काम हमालाचं: वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरून इमारती लाकूड भरायचं आणि कॅलिफोर्नियात उतरवायचं. पोटात मावेना ते डेकवर रचायचं.

१९१४ पासून मात्र ते अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात कॉड मासे धरायला जाऊ लागलं. गलबत नांगरून ठेवायचं आणि खलाशांनी एकेकट्यानं छोट्या होड्यांतून जाऊन हातदोरीनं मासे ओढायचे. त्या थंडीत, त्या लाटांत! पकडलेलं सगळं गलबतावरच कापून मिठात घालायचं. १९३५ मध्ये अल्यूशियन बेटांजवळच्या वादळात कप्तान चार्ल्स फॉस जहाजावरच गेले. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं डोलकाठ्या उतरवून त्याचा तराफा केला. तरीही परत शिडं चढवून १९४७ पर्यंत मासेमारी केली. एकूण पकड ६८ लाख कॉडच्या वर.

यानंतरचं वाचून माझं डोकं फिरलं. १९६४ साली सिॲटलकरांनी वर्गणी काढून ते वाचवलं. १९७० मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत नाव लागलं. आणि मग? गोड्या पाण्याच्या तळ्यात, उघड्यावर, सिॲटलच्या पावसात उभं. खारं पाणी आणि पोटातलं मीठ लाकूड टिकवतं. पावसाचं पाणी फटींतून मुरलं की बुरशी धरते, मग किडे. डागडुजीला लागणारी रक्कम कधी जमलीच नाही. मार्च २००९ मध्ये ते ओढत नेलं आणि तोडलं. वादळात गेलं असतं तर एवढा राग आला नसता. शिल्प सुंदर आहे, नाही म्हणत नाही, पण मला गलबत हवं होतं.

त्यात ताईनं मोबाइलवर शोधून मीठ चोळलं. त्याच बेंडिक्सन यांचं १८९५ चं 'सी. ए. थेयर', तेही आधी लाकूड, मग कॉड असंच राबलेलं, सॅन फ्रान्सिस्कोत सरकारच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेलं. तिथं कोटीच्या वर डॉलर ओतून, बहुतेक फळ्या बदलून, २००७ मध्ये ते पुन्हा पाण्यावर उभं केलं. त्या शहरात कुणी ओळखीचं असेल तर सांगा, मला राहायला जागा हवीय. गोल्डन गेट नाही दाखवलात तरी चालेल.