मामाच्या शेततळ्यातले टायर

नाशिकहून संभाजीनगर रस्त्याने निघालं आणि चांदोरी मागे पडली की मला मामाच्या घरी पोचल्यासारखंच वाटतं. माघ सरत आलेला. दोन्ही अंगांना द्राक्षबागा, खुडा जोरात, क्रेट भरलेल्या पिकअप रस्त्याकडेला उभ्या. राज्यातलं नीचांकी तापमान निफाडला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलं गेल्याची बातमी हिवाळ्यात वरचेवर येते. ती थंडी आता उतरणीला लागली होती, तरी सकाळी सातला गाडीची काच खाली करवत नव्हती.

यंदाची माझी खेप एका कारणासाठी होती. गेल्या चैत्रात मामाचा फोन आला होता. “तळ्यात कोल्हा पडला गं.” एवढंच बोलला आणि गप्प झाला. मी दुपारी पोचले तेव्हा त्यांनी तो बाहेर काढून लिंबाखाली ठेवला होता. कोल्ह्यापेक्षा तळ्याच्या प्लास्टिकवरचे ओरखडे माझ्या जास्त लक्षात राहिले. पाण्याच्या रेषेच्या वर वीतभर, नखांचे बारीक पांढरे ओरखडे. एका जागी नाही, चारही बाजूंना. रात्रभर तो काठाकाठाने पोहत वाट शोधत होता.

आमच्या भागात शेततळ्याशिवाय बाग जगत नाही, हे मलाही कळतं. पण 500 मायक्रॉनचं ते प्लास्टिक आणि त्याचा उभा उतार! ओला झाला की माणसाचाही पाय ठरत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तसा काठ आणखी लांब पडतो. तहानलेलं जनावर उतरतं आणि परत येऊ शकत नाही. मामाच्या तळ्याला जाळीचं कुंपण होतं, कोल्हा ते खालून उकरून आत आला होता.

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी पंक्चरवाल्याकडून जुने टायर आणले. एकाला एक नायलॉनच्या दोरीने बांधून चार माळा केल्या, वर पक्क्या खुंटाला अडकवल्या आणि चार कोपऱ्यांत पार तळापर्यंत सोडल्या. पाण्यात पडलेलं जनावर कडेकडेने पोहतं, म्हणजे ते कोपऱ्यात येतंच. माळ तळापर्यंत हवी, नाहीतर पाणी उतरल्यावर ती अधांतरी लोंबते. घासून प्लास्टिक फाटू नये म्हणून खाली गोणपाट घातलं, आणि ज्यांच्या तारा बाहेर आलेल्या होत्या ते टायर परत केले.

आता वर्ष होत आलं. मामाने चहा घ्यायच्या आधीच मला तळ्यावर नेलं. तळं उन्हाळ्यासाठी तुडुंब भरलेलं. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या वरच्या तीन टायरांवर वाळलेला चिखल होता आणि त्यात पावलं उमटलेली. लहान, लांबट, पुढे नखांचे टोकदार ठिपके. “मुंगूस,” मामा म्हणाला. “उतरलं आणि चढून गेलं.” मी खाली बसून बराच वेळ त्या ठशांकडे बघत राहिले. खरं सांगते, डोळे भरून आले.

मामाच्या तीन एकरांत आता मुद्दाम राखलेलं असं बरंच काही आहे. पूर्वेचा बांध तो जाळत नाही. फाल्गुनात बांध पेटवायची आमच्याकडे सवयच आहे. त्या गवतात लाव्हे, ससे, सरडे असतात, ते एका काडीने संपतं. या बांधावर बोर, बाभूळ आणि दोन पळस आहेत. पळसाला नुकतीच फुलं धरली होती आणि भोरड्यांचा मोठा थवा त्यावर कलकलाट करत होता. हरभऱ्यात एकरी 20 या हिशेबाने काठ्यांचे पक्षीथांबे रोवलेत. पिकाच्या वर हातभर काठी, तिला आडवी काठी बांधलेली. माझ्यासमोर एका कोतवालाने तिथून खाली झेप घेतली, घाटेअळी उचलली आणि परत त्याच काठीवर येऊन बसला. दहा मिनिटांत चार वेळा.

दुपारी मामी मला जुन्या गोठ्यात घेऊन गेली. माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते. खाली जमिनीवर काळपट, चकाकत्या गोळ्या पडलेल्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडं अशी गोळी करून ओकून टाकतं. मी एक गोळी पाण्यात भिजवून काडीने सोडवली. केसांच्या लगद्यातून तीन कवट्या निघाल्या, पिवळ्या-केशरी पटाशीच्या दातांसकट. एका गोळीत तीन उंदीर! गव्हाच्या ओंब्या भरायच्या दिवसांत हे केवढं मोठं काम आहे. मामाने उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनच्या वड्या टाकणं बंद केलंय. ते विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो, आणि नेमका तोच घुबडाच्या तावडीत सापडतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे नांदूरमध्यमेश्वरला जाऊन आले. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साठत गेला आणि त्यातून ही उथळ पाणथळ तयार झाली. 1986 पासून अभयारण्य, आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या मनोऱ्यावरून चक्रवाक, तलवार बदकं, थापट्या, चमचे असे पक्षी दिसले. वारकरी पक्षी तर पाण्यावर काळे ठिपके पसरावेत तसे. पाहुण्यांची परतीची तयारी सुरू होण्याचे हे दिवस. तिथे जावंच. पण माझं मन मामाच्या बांधावर होतं.

संध्याकाळी साडेपाचला बांधाजवळच्या बोरीखाली मी पाठ टेकून बसले. वारा समोरून, अंगावर मातकट शाल, मोबाईल बंद. समोर वीस पावलांवर मातीचा परळ. पाणी दोन बोटं खोल, मधे एक दगड, म्हणजे मधमाशीलाही बसता येतं. झुडपाला चिकटून नाही, थोडा मोकळ्यात, नाहीतर पक्ष्यांवर मांजर दबा धरतं. पाणी मामी रोज बदलते. आधी होले आले, मग बुलबुल. टिटवी लांबूनच ओरडून गेली. सव्वासहाला सगळे एकदम उडाले.

उसाच्या बाजूने रानमांजर येत होतं. लांब पाय, राखी-पिवळसर अंग, कानांच्या टोकाला काळे केस, आखूड शेपटीवर काळी वलयं. परळाशी येऊन थांबलं. माझ्याकडे पाहिलं असावं, मी श्वास रोखून धरला होता. मग वाकून पाणी प्यायलं. शांतपणे, भरपूर वेळ. जिभेचा लपलप आवाज मला ऐकू येत होता.

अंधार पडायच्या आत मामा बोलवायला आला. पलीकडच्या उसाची तोड सुरू आहे आणि या दिवसांत बिबट्याची पिल्लं सापडतात. पिल्लाला हात लावायचा नाही, तोड थांबवून वनविभागाला कळवायचं. ते पिल्लांना संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, आई येऊन घेऊन जाते. मामाने हे सगळ्या तोडकऱ्यांना आधीच सांगून ठेवलंय.

निघताना मामा गाडीशी आला. “शेजारच्या तळ्यालाही माळा लावायच्यात. ते तयार झालेत. टायर कमी पडतायत.”

चांदोरीच्या अलीकडे एक पंक्चरचं दुकान दिसलं. गाडी थांबवली. मागे भिंतीला टेकून अकरा टायर होते, तारा न निघालेले सात. रविवारी घेऊन जाते म्हणून सांगून आले.