स्क्रीनशी तर बोलतोय ना!

मंगळवारी दुपारी साकीनाक्याच्या एका गाळ्यात पोचले, तेव्हा पॅकिंग मशीन चालूच होतं. मसाल्याची पाकिटं व्यवस्थित पडत होती. पाकिटाची लांबी बदलायची होती, त्यासाठी प्रोग्राममध्ये शिरावं लागणार होतं, आणि लॅपटॉपला पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, सापडत नव्हता. आधी येऊन गेलेला माणूस "कंट्रोलर गेलाय, नवा घ्या" असं सांगून गेला होता. मालकीणबाई पैशांची जुळवाजुळव करायलाही लागल्या होत्या.

ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. नवा पीएलसी विकत मिळतो, आतला प्रोग्राम मिळत नाही. मशीन जुन्या बाजारातून घेतलेलं, बॅकअप कुणाकडेच नाही. म्हणजे तो प्रोग्राम जगात फक्त त्या पॅनेलमधल्या डबीत होता, आणि तीच डबी काढून टाकायचं चाललं होतं.

पॅनेल उघडलं. 24 व्होल्टच्या सप्लायवर मीटरने 23.9 दाखवले. रनचा दिवा हिरवा, एररचा विझलेला. मेलेल्या पीएलसीची ही लक्षणं नव्हेत.

मशीन थांबवून घेतलं. पीएलसीला सिरीयल पोर्ट एकच, त्यात मशीनच्या स्क्रीनची केबल होती. ती काढून माझी लावली. लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलचा कन्व्हर्टर (यूएसबीला सिरीयलशी जोडणारा) कॉम 7 या पोर्टवर दिसला, सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडला. उत्तर नाही. मग केबलच्या पीएलसीकडच्या टोकाला पाठवायची आणि घ्यायची पिन वायरच्या तुकड्याने जोडली आणि लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये अक्षरं टाइप केली. जशीच्या तशी परत आली. म्हणजे ड्रायव्हर, कन्व्हर्टर, केबल सगळं ठीक. (हा कन्व्हर्टर मी लॅमिंग्टन रोडवर घेतलाय, आणि तिथल्या तिथे हीच चाचणी करून घेतलाय. नकली चिपचे कन्व्हर्टर इतके पाहिलेत की आता दुकानातून तसंच उठवत नाही.)

तासभर गेला. शिफ्टचा माल अडला होता, म्हणून स्क्रीनची केबल परत लावून दिली. मशीन सुरू झालं आणि ऑपरेटर मामा म्हणाले, "ताई, आकडा वाढायला लागला बघा."

स्क्रीनवर पाकिटांची मोजणी वाढत होती. तो आकडा पीएलसीच देत होता, त्याच पोर्टमधून! म्हणजे पोर्टही धडधाकट. स्क्रीनशी तो बोलतोय आणि माझ्याशी नाही, तर चूक माझ्या बोलण्यात असणार.

मॉडबसवर (यंत्रांनी आपसात बोलायची एक ठरलेली पद्धत) चालणाऱ्या पीएलसीचं हे वागणं समजून घ्यायला हवं. वेग किंवा पॅरिटी (चूक ओळखायला जोडलेला बिट) चुकली, तर पोचलेला संदेश त्याच्या हिशेबी मोडका असतो. मोडक्या संदेशाला तो उत्तर देत नाही. संदेश दुसऱ्याच स्टेशन नंबरच्या (यंत्राला दिलेला क्रमांक) नावाचा असला तरी देत नाही. चूक झाल्याची तक्रारही करत नाही, नियमच तसा आहे. सॉफ्टवेअरला मात्र एवढंच कळतं की उत्तर आलं नाही, आणि ते लिहितं "डिव्हाइस सापडलं नाही". ते वाचून लोक पीएलसीला मेलेला ठरवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्क्रीनच्या सेटिंगचं पान उघडलं: वेग 19200, 8 बिट, पॅरिटी ईव्हन, 1 स्टॉप बिट, संदेश लिहायची पद्धत आरटीयू, स्टेशन 5. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये वेग 9600, 7 बिट, पद्धत अॅस्की, स्टेशन 1. त्यातला आपोआप शोधण्याचा पर्याय मी दोनदा चालवला होता, पण तो वेग बदलून बदलून पाहत होता आणि हाक प्रत्येक वेळी स्टेशन 1 लाच मारत होता.

पुन्हा मशीन थांबवलं, केबल बदलली, सगळ्या गोष्टी स्क्रीनसारख्या भरल्या. पहिल्याच हाकेला ओ आली. लांबीला हात लावण्याआधी प्रोग्राम अपलोड केला, म्हणजे पीएलसीतून लॅपटॉपवर घेतला. पासवर्ड नव्हता, नशीब. एक प्रत माझ्याकडे, एक मालकीणबाईंच्या पेनड्राइव्हवर. लांबी बदलायला जेमतेम दहा मिनिटं लागली.

निघताना ते आकडे कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवले. मामांनी चष्मा लावून वाचले आणि वरून पारदर्शक टेप मारली, मसाल्याची धूळ बसून अक्षरं जाऊ नयेत म्हणून.