सरांनी 'वाया घालवलेला' तास

स्मरणिका समितीने शाळेविषयी लिहा म्हटलं, आणि मी लिहिणार आहे फक्त भूगोलाच्या सरांविषयी. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

नववीचा खनिज तेलाचा धडा. सरांनी नेहमीसारखा लाकडी दांडीचा नकाशा खिळ्याला अडकवला. छडी दिगबोईवरून अंकलेश्वरवर आली आणि तिथून थेट समुद्रात. "मुंबई हाय. १९७४ साली इथे तेल लागलं." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तिथे होडी बांधता येते का?" वर्ग खदखदला. (विचारणारा कोण, हे आमच्या तुकडीला सांगायला नको.) सर मात्र हसले नाहीत. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अख्खा तास त्या होडीवर गेला. तेलफलाट म्हणजे समुद्रात खांबांवर उभा केलेला तेल काढायचा मंच; त्याच्याभोवती ५०० मीटरच्या आत मासेमारीला मज्जाव. गंमत अशी की फलाटाच्या बुडालेल्या खांबांना शेवाळ आणि शिंपले धरतात, त्यांच्या मागे मासळी येते. मासळी आत, जाळं बाहेर! सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं, बाहेर एक होडी काढली आणि विचारलं, "याने भरपाई कुठल्या कागदावर मागायची? समुद्राचा सातबारा असतो का?" धडा मागे पडला. चाचणीत यावर अर्ध्या गुणाचाही प्रश्न नव्हता.

पुढे मी गॅसवाहिन्यांच्या मोजणीच्या कामात शिरलो. आज माझ्या हाताखाली एक पथक आहे, हे जरा मिरवूनच सांगतो. तेल-गॅस वाहिन्यांसाठीच्या १९६२ च्या कायद्याने वाहिनीखालची जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. त्यापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय पिकाचं नुकसान झालं तर त्याचे पैसे. चर बुजला की भात पेरा, हरभरा पेरा. पण त्या पट्ट्यात झाड लावायचं नाही, विहीर खणायची नाही, घर बांधायचं नाही. हंगामी पिकवाला सावरतो. आंबा-काजूवाल्याचा तो पट्टा मात्र कायमचा गेला, आणि माझ्या मते १० टक्क्यांत त्याचं मोल होत नाही. बटाईने कसणारा, मेंढरं घेऊन फिरणारा यांची नावं सातबाऱ्यावर नसतातच. म्हणून माझी पोरं शेतात उतरली की मालकाचं नाव लिहून झाल्यावर दुसरा प्रश्न विचारतात: आणखी कोणाचं पोट आहे यावर? हा रकाना छापील फॉर्ममध्ये नाही, हाताने आखावा लागतो.

२७ मे २०२० ला आसामात बाघजानची गॅसविहीर फुटली, ९ जूनला पेटली; ती आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. शेजारच्या मागुरी-मोटापुंग बिलातली (तिकडे पाणथळ तळ्याला बिल म्हणतात) मासळी मेली. बातमी वाचताना मला फळ्यावरची होडीच दिसली. तेल काढू नका, असं सर कधी म्हणाले नाहीत. स्टोव्ह त्यांच्याही घरी होता.

आता आपल्या वर्गांत पडद्यावर नकाशे दिसतात म्हणे. छान रंगीत असतील, पण ठरलेल्या वेळी पुढची चौकट येते आणि मागच्या बाकाचा प्रश्न राहून जातो. जुने नकाशे रद्दीत काढणार असल्याचंही कानावर आलं आहे. समितीला विनंती, भारताचा खनिज नकाशा तेवढा काढू नका. कापड विरलं असेल तर नवं चढवून देण्याचा खर्च माझ्याकडे लागला.