दोर कशाचा?

आमचा धंदा हळदीचा. सांगलीच्या मार्केट यार्डात आजोबांपासूनची अडत, आणि हरिपूरला चार पेवं होती. ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंडाशी अरुंद आणि आत घागरीसारखा फुगलेला. हरिपूरच्या मातीत ठेवलेली हळद वर्षानुवर्षं टिकते. तोंड लिंपून टाकायचं आणि भावाची वाट बघायची. उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी बाहेर पडू देतात. २००५ च्या महापुरात हरिपूरची बरीच पेवं गेली, त्यात आमचीही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा चार दिवस कुणाशी बोलले नव्हते.

हे सगळं सांगायचं कारण, शिडाच्या जहाजांचं वेड मला लागलं ते हळदीच्या वाटेनंच. २०१४ साली धंद्याच्या कामासाठी दोन वर्षं कोचीला राहावं लागलं. खोली मट्टनचेरीत, बाजार रस्त्याच्या मागच्या गल्लीत. तिथल्या जुन्या गोदामांना दोन तोंडं असतात. एक रस्त्याकडे, दुसरं थेट पाण्याकडे. पूर्वी माल पाण्यानं यायचा, मागच्या दारानं आत घ्यायचा आणि पुढच्या दारात सौदा. पहिल्या दिवशी मी एका गोदामात शिरलो आणि सुंठ-मिरीच्या वासात हळदीचा वास शोधत उभा राहिलो. तो सापडला तेव्हा घरी फोन केला.

शेजारी एक कोकणी बोलणारं कुटुंब होतं. सोळाव्या शतकात गोव्यातून परागंदा झालेल्या सारस्वतांचे वंशज, तिरुमल देवस्वमच्या देवळाजवळ पिढ्यान् पिढ्या राहणारे. त्यांच्या आजींची कोकणी आणि माझी मराठी, दोन्ही एकमेकींना निम्म्या समजायच्या. बंदर कसं झालं ते मला त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, उत्तरेकडचं मुझिरिसचं जुनं बंदर गाळानं भरलं आणि कोचीपाशी समुद्राला वाट फुटली. मी बराच वेळ गप्प बसलो. आमच्याकडे पुरानं पेवं नेली, इथं पुरानं अख्खं बंदर दिलं.

बंदराच्या गावात राहणं म्हणजे काय, हे मला सकाळच्या बोटीत कळलं. फोर्ट कोचीहून एर्नाकुलमला जाणारी साधी प्रवासी बोट. त्यात शाळेची पोरं, मासळीच्या टोपल्या, कारकून, आणि बाजूनं एखादं कंटेनरचं जहाज एवढं जवळून जातं की त्याच्या सावलीत आपली बोट गार होते. कुणी मान वर करून बघत नाही. मी मात्र दोन वर्षं रोज बघत राहिलो.

त्याच बोटीतून एकदा लांबवर तीन डोलकाठ्या दिसल्या. पांढरं शुभ्र जहाज, शिडं गुंडाळलेली. शेजारचा माणूस म्हणाला, तरंगिणी.

पुढे नौदल सप्ताहात जहाजं लोकांना बघायला खुली झाली आणि योगायोगानं तेव्हाच अण्णा-आई कोचीला आले होते. आईला जहाजात रस नव्हता, ती आजींबरोबर देवळात गेली. अण्णांना घेऊन मी रांगेत उभा राहिलो. आयएनएस तरंगिणी गोवा शिपयार्डनं बांधली, १९९७ साली ती नौदलात आली. लांबी ५४ मीटर, तीन डोलकाठ्या, वीस शिडं. २००३-०४ मध्ये तिनं पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्या नौदलाच्या जहाजानं केलेली ती पहिलीच. ही सगळी माहिती मी रांगेत अण्णांना सांगत होतो आणि ते वर बघत होते.

वर चढल्यावर त्यांनी पहिल्यांदा एक दोर हातात घेतला. पोत्याची सुतळी बघावी तसा बोटांत फिरवला.

"दोर कशाचा?"

तिथला तरुण खलाशी म्हणाला, कृत्रिम धाग्याचा. अण्णांचा चेहरा जरा उतरला. "ताग नाही होय?" मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो मला विचारायचा सुचला नसता. "इंजिन हाय न्हवं हिला? मग शिडं कशाला?"

तो पोरगा हसला नाही. त्यानं नीट समजावलं. इंजिन आहे, पण नौदलात नव्यानं येणाऱ्यांना समुद्र शिकवायचा तर वाऱ्याशी गाठ घालून द्यावी लागते. बटण दाबून चालणाऱ्या जहाजात वारा कुठून येतोय हे अंगाला कळत नाही. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडव्या काठ्यांना चौकोनी शिडं टांगलेली असतात, मागून वारा असला की तीच खरी ओढतात. मागच्या डोलकाठीवरचं शीड जहाजाच्या लांबीत पसरतं, ते वळायला आणि वाऱ्याच्या अंगाला सरकायला कामाला येतं. दिशा बदलायची तर एका बाजूचे दोर सैल सोडायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचे ओढायचे. एकानं जरी हात आखडला तरी शीड फडफडतं आणि जहाज थांबतं. शीड बांधायला पोरं वर चढतात तेव्हा पायाखाली फळी नसते, आडव्या काठीखाली ताणलेला एक दोर असतो. एकानं पाय टाकला की शेजारच्याच्या पायाखालचा दोर हलतो. म्हणून पाय टाकण्याआधी शेजारच्याला सांगायचं.

मला या जहाजांचं जे काही वाटतं ते सगळं त्या पायाखालच्या दोरात आहे. लोकांना उंच डोलकाठ्या आणि फुगलेली शिडं आवडतात, मलाही आवडतात. पण शेजारच्याला सांगितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही गोष्ट मी इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्याच कामात पाहिलेली नाही.

संध्याकाळी फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळी बघितली. मोठाल्या वाशांची ती जाळी पाण्यात उतरवायची आणि मागे टांगलेल्या दगडांच्या वजनावर पुन्हा उचलायची, पाच-सहा माणसं लागतात. अण्णा तिथं तासभर बसले. शेवटी म्हणाले, "हा तर काटा हाय आपला. पारडं पाण्यात, वजन मागं." आयुष्यभर काट्यापुढे बसलेला माणूस, त्याला ते एका नजरेत कळलं.

आपण घाटावरची माणसं समुद्राला परकी, असं मी पूर्वी समजत होतो. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, तिथून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तरी ती पाठ फिरवून आमच्या आयर्विन पुलाखालून पार बंगालच्या उपसागराला जाते. पण सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे साताऱ्याच्या शाहू महाराजांचे. त्यांच्या गुराबा आणि गलबतं कोकणात तरंगत होती, सनदा सह्याद्रीच्या या बाजूच्या गादीच्या. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींशी तह केला आणि आरमार शाहूंच्या बाजूला आलं, हे मी शाळेत वाचलं होतं. कोचीहून आल्यावर ते पहिल्यांदा समजलं.

परत येऊन आता बरीच वर्षं झाली. पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती असतात तेव्हा मी घाटावर जातो. वल्ही एका तालात पडतात की नाही तेवढंच बघतो, कोण जिंकलं ते कधी कधी लक्षातही राहत नाही.

अण्णा आता यार्डात रोज येत नाहीत. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना फोनवर आयएनएसव्ही कौंडिण्य दाखवली. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून घडवलेलं जहाज. केरळच्या कारागिरांनी लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरानं एकमेकींना शिवल्या आणि फटी काथ्या नि राळेनं बुजवल्या. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ते नौदलात आलं, डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला निघालं, इंजिनाशिवाय, हिवाळी वाऱ्यावर.

अण्णांनी चष्मा लावला. फोन डोळ्याजवळ धरला. फळ्यांच्या जोडावरचे टाके मोठे करून दाखव म्हणाले. दाखवले.

"दोर कशाचा म्हणालास?"

"काथ्याचा."

"शिवलंय व्हय रं हे? दाभणानं पोतं शिवत्यात तसं?" त्यांनी बोटानं पडद्यावर टाके मोजायला सुरुवात केली. "लाव परत."