लादीला चिकटलेला भुसा

रसवंतीत बर्फाची लादी पोत्यात येते. पोतं बाजूला केलं की कडेला भुशाचे चार कण चिकटलेले असतातच. रसवंतीवाला ते ओल्या फडक्यानं पुसतो आणि टोचा उचलतो. भुसा दिसला की मला उसाचा रस आठवत नाही, रॅकेट सरोवर आठवतं.

हे सरोवर अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात. 1870 च्या दशकाच्या अखेरीला विल्यम वेस्ट ड्युरंट यांनी तिथं 'पाइन नॉट' नावाचा कॅम्प उभारायला घेतला. कॅम्प आपलं म्हणायचं. साल न काढलेल्या ओंडक्यांची चांगली ऐसपैस घरं ती. पुढं शहरातल्या धनिकांनी त्या भागात असे कॅम्प बांधायची रीतच पडली. मंडळी यायची जुलैत. जूनमध्ये काळ्या माश्या माणसाला फोडून काढतात. ओला पाला जाळून धूर केला तरी पुरत्या हटत नाहीत. माश्या सरल्या की मग गळ, आरामखुर्च्या आणि होड्या. तिथली खास होडी म्हणजे गाइडबोट. लांबी साधारण 16 फूट, वजन 30-35 किलो. हलकी, कारण एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना ती पालथी करून, खांद्यावरच्या जोखडावर घेऊन जंगलातून चालायचं असतं. वल्ह्यांच्या मुठी मधे एकमेकींवर येतात, त्यामुळे एक हात जरा पुढे ठेवायचं विसरलं की बोटांची पेरं सोलवटलीच. पाहुणे शक्यतो वल्हवत नसत. पेरं गाइडची.

या उन्हाळ्याची खरी तयारी मात्र ऐन थंडीतली. सरोवर गोठलं की आधी वरचं भुसभुशीत हिम खरवडून काढायचं, कारण ते गोधडीसारखं पसरतं आणि खालचा बर्फ जाड होऊ देत नाही. बर्फ 12 इंच झाला की घोड्याच्या नांगरानं उभ्या-आडव्या चरी पाडायच्या, लांब करवत चालवायची, पहारेनं लाद्या सोडवायच्या आणि कापलेल्या पाटातून तरंगवत काठाशी आणायच्या. 22 इंच चौरस लादी भरते जवळपास 85 किलो.

बर्फघराची भिंत दुहेरी, मधे भुसा. लाद्या खेटून रचायच्या आणि फटी बर्फाच्या चुऱ्यानं बुजवायच्या. फट राहिली की हवा खेळते आणि बर्फ आतून झिजतो. चारी बाजूंनी आणि वरून फूटभर भुसा. तो कोरडाच हवा, कारण उष्णता अडवते ती कणांमधली हवा. भिजला की कामातून गेला. म्हणून तळाला मोरी, आणि मोरीतून गरम हवा वर चढू नये म्हणून तिच्या नळीला बाक, त्यात पाणी कायम साचलेलं. बाक विसरणारे ऑगस्टात कोमट सरबत पीत असणार.

मग आइस्क्रीमचा पॉट. हँडल फिरवायच्या पॉटचं पेटंट नॅन्सी जॉन्सन यांनी 1843 मध्येच घेतलेलं. तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग जाडं मीठ. मीठ जास्त पडलं की कडेचं दूध झटकन गोठतं आणि आइस्क्रीम खरखरीत होतं. बादलीचं भोक तुंबलं तर खारं पाणी चढत जाऊन झाकणाखालून आत. गच्चीवर पॉट फिरवलेल्यांना हे सांगायला नको.

अमेरिकेतला बर्फ तर आपल्याकडेही आलेला. 1833 मध्ये 'टस्कनी' जहाज 180 टन बर्फ घेऊन बॉस्टनहून कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांनी पोचलं तेव्हा 100 टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढं मुंबईतही बर्फघर झालं.

"बर्फ किती टाकू?" रसवंतीवाला विचारतो.

बिनबर्फाचाच बरा. घसा धरतो.